मांडीवरचं क्षितिज

भाची: थांब, थांब. परत एकदा बोल. मला नीट ऐकू आलं नाही.

मामा: चांगलं ऐकू आलंय तुला. नवीन बसव म्हटलं.

भाची: नवीन?

मामा: नवीन. ते पडद्याचं. ज्यात काही फिरत नाही, काही झिजत नाही. तूच म्हणत होतीस ना?

भाची: मी म्हणत होते. घसा कोरडा पडेस्तोवर म्हणत होते. आणि तू काय सांगायचास? "पडदा विझला तर काय, त्यात तोंड बघू?" मामा, किटलीची दांडी तीनदा सांधून आणलेला माणूस तू. तुझ्या छत्रीत मूळची एक काडी उरलेली नाही, तरी ती "जुनी छत्री" म्हणून मिरवतोस. आणि आज म्हणतोस नवीन बसव?

मामा: माणूस बदलू शकतो की नाही?

भाची: बदलतो. पण असा एका आठवड्यात नाही. बूट बाहेर काढलेस ना? ही टोपी घाल. केस आत घे.

मामा: केस राहिलेत कुठे?

भाची: जे काही राहिलेत ते. एक केस यंत्रात गेला तर माझं सगळं मुसळ केरात. आण ते इकडे. सरळ धर.

मामा: सरळच धरलंय. अख्खा रस्ता मांडीवर घेऊन बसलो होतो, दुपट्यात गुंडाळून. तुझी मामी गाडी चालवत होती. खड्डा आला की मी हे असं वर उचलून धरायचो. ती म्हणाली, स्वतःच्या लेकीलासुद्धा दवाखान्यातून इतकं जपून नव्हतं आणलं तुम्ही.

भाची: खरं बोलली.

मामा: अगं, लेक रडायची तरी. कळायचं काय हवंय ते. हा होरायझन बिचारा विमानाला क्षितिज दाखवतो, पण स्वतः काही बोलत नाही.

भाची: बोलतो. उघडला की सगळं बोलतो.

मामा: तेच तर! म्हणजे... उघडायचंच कशाला? उगाच तुझा वेळ जायचा. हा अडगळीत ठेव, नवा बसव, विषय संपला.

भाची: मामी कुठेय?

मामा: टायरमध्ये हवा भरायला गेलीय. येईलच. म्हणून म्हणतो, ती यायच्या आत ठरवून टाकू.

भाची: ती यायच्या आतच का? बरं, ते राहू दे. आधी त्या दिवशी काय झालं ते सांग. आईनं मला फोनवर अर्धवटच सांगितलं. म्हणाली, मामाचं कसलंसं यंत्र बिघडलं आणि मामी विमान विकायला निघालीय.

मामा: झालं असं, की दातांच्या डॉक्टरला पठारावर सोडलं, नेहमीसारखं. तुझी मामी बरोबर होती, तिला तिथला मटार हवा होता. परत येताना आम्ही दोघंच. ती मागे बसून शेंगा सोलत होती. मध्ये ढग लागला. तसा पातळच, उजेड येत होता आत. मी होरायझन बघून चालवतोय. आणि हा पठ्ठ्या हळूच डावीकडे कलला.

भाची: झटक्यात नाही?

मामा: झटक्यात कललं असतं तर कळलं असतं गं! इतकं हळू, की मला वाटलं आपलंच विमान कलतंय. मी ते सरळ करत राहिलो. सरळ करतोय म्हणजे प्रत्यक्षात उजवीकडे झुकवतोय. आणि मला पत्ताच नाही. मग एकदम... म्हणजे, मग माझ्या लक्षात आलं. वळण दाखवणाऱ्या दुसऱ्या काट्याकडे बघितलं, तो वेगळंच सांगत होता. सावरलं, ढगाबाहेर काढलं, उतरलो. झालं.

भाची: "एकदम" काय झालं?

मामा: काही नाही. लक्षात आलं, बस.

भाची: हं. आणि मामीला काय सांगितलंस?

मामा: सांगितलं, यंत्र म्हातारं झालंय. तर ती म्हणते, विमानातलं बाकीचं सगळं त्याच्याच वयाचं ना? आज हे गेलं, उद्या पंख जाईल. विका. रविवारी एक गृहस्थ बघायला येतायत. तिनं स्वतः फोन करून बोलावलंय त्यांना! मी विमानाशिवाय काय करू? आणि त्या पठारावरची माणसं, ती काय दात दोरीनं उपटणार? तू फक्त एवढं सांग तिला, की नवं बसवलं, आता काळजी नाही. तुझं ऐकेल ती. माझं ऐकणं तिनं केव्हाच सोडलंय.

भाची: नवं बसवायला माझी ना नाही. पण हा का बिघडला ते कळल्याशिवाय मी काहीच बसवणार नाही. हवा ओढणाऱ्या पंपाचा भुगा आत आला असेल, नळी कुठे कुजली असेल. बिघाडाचं कारण तसंच राहिलं तर नवं काय करणार? हे टेबलावर ठेवते, नळी जोडते... चालू. आता फिरू दे थोडं.

मामा: फिरतंय की व्यवस्थित.

भाची: फिरताना सगळेच व्यवस्थित फिरतात. हवा बंद केल्यावर बघायचं. आता बंद करते. ऐक.

मामा: ऐकतोय की.

भाची: ऐकलंस? संपलंसुद्धा. कपात चमचा खडखडावा तसा आवाज. मामा, तूच मला शिकवलंस ना हे? फ्रॉकात होते मी. तू इंजिन बंद करायचास, पंखा थांबायचा, आणि मला मांडीवर घेऊन म्हणायचास, आता श्वास रोखून ऐक, आतला भोवरा अजून फिरतोय. केवढा वेळ गुणगुणायचा तो! मला वाटायचं विमान झोपताना गाणं म्हणतंय. ते ऐकायला मिळावं म्हणून मी या दुरुस्तीच्या धंद्यात आले. आणि तुझ्या स्वतःच्या विमानातला आवाज असा झाला, ते तुला कळलं नाही?

मामा: हल्ली घाई असते गं उतरल्यावर.

भाची: बरं. याच्या हवेचा फिल्टर आणलायस?

मामा: आणलाय तर. हा बघ. बघ किती स्वच्छ! मला बोलायला तुला जागाच ठेवली नाही.

भाची: हा तर नवा कोरा आहे.

मामा: निगा राखतो मी.

भाची: मामा, हा कालपरवा पाकिटातून काढलाय. घडीची रेघसुद्धा मोडली नाहीय. जुना कुठेय?

मामा: टाकला.

भाची: तू? टाकलास? तू तर तुटलेलं बटणसुद्धा जपून ठेवतोस!

मामा: अगं, घाणेरडा झाला होता.

भाची: कसला घाणेरडा? आणि तोंडात काय आहे तुझ्या? मघापासून चघळतोयस.

मामा: पेपरमिंट. घेतेस?

भाची: नको. सरक जरा, दिव्याचा उजेड अडवतोयस. मी हे उघडतेय.

मामा: उघडू नकोस ना. ऐक माझं. मी मोठा आहे ना तुझ्यापेक्षा?

भाची: म्हणून तर नवल वाटतंय. लहान मुलं असं करतात, वही लपवताना. हा सुटला स्क्रू... आणि हा... झाकण निघालं. हं.

मामा: गंज असेल.

भाची: गंज नाही.

मामा: मग तेल असेल. जुनं तेल असं होतं.

भाची: ही कापसाची काडी, स्पिरिटात बुडवलेली. आता भोवऱ्यावरून फिरवते. हा बघ रंग. कडक चहासारखा. आता वास घे. घे ना, मान काय वळवतोस?

मामा: मला सर्दी झालीय.

भाची: मामा, तू सिगारेट ओढतोस विमानात.

मामा: हळू बोल!

भाची: दार लावलंय. आणि मामी अजून आली नाहीय.

मामा: एखादी. कधीमधी. तीसुद्धा उतरल्यावर, इंजिन बंद करून, खिडकी उघडून. तो धूर इकडे आत कशाला येतोय?

भाची: आता बघ हं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे हा आत हवा ओढत नाही. हा श्वास घेतो फक्त इंजिन चालू असताना. शिवाय तू खरोखर उतरून शांत बसून ओढत असतास, तर तो कपात चमचा खडखडल्याचा आवाज केव्हाच तुझ्या कानावर पडला असता. तू उडताना ओढतोस. डॉक्टरला सोडून एकटा परत येतोस तेव्हा. आणि एखादी नाही. एखादीनं एवढा थर बसत नाही.

मामा: तू पोलिसात का गेली नाहीस?

भाची: हसण्यावारी नेऊ नकोस. पेट्रोलच्या टाक्यांच्या मधोमध बसून काडी ओढतोस, ते एक. छातीच्या दुखण्यातून उठलास, ते दुसरं. आणि हा चिकटा बेअरिंगमध्ये गेला म्हणून होरायझन कलला. तुझ्या मागच्या सीटवर मामी होती, मामा!

मामा: माहितीय मला. तुला काय वाटतं, मला झोप लागतेय त्या दिवसापासून? फिल्टर काढला, तर गुळासारखा तपकिरी. तिथेच चाकाला टेकून बसलो मी. त्यानंतर एकही ओढलेली नाही. खरंच सांगतो.

भाची: मग मामीला काय सांगायचं?

मामा: हेच, की म्हातारं झालं होतं.

भाची: मग रविवारी विमान गेलं समज. ती विचारेल, बाकीचं किती जुनं आहे, आणि मी खोटं बोलणार नाही. म्हातारपणानं गेलं म्हटलं की तिचंच म्हणणं खरं.

मामा: आणि खरं सांगितलं तर?

भाची: तर विमान वाचेल. विमानाचा काही दोषच नाही. तुझं काय होईल ते मला माहीत नाही.

मामा: पेचात पकडलंस की गं. दवाखान्यात तिचा हात हातात घेऊन सिगारेट सोडायचा शब्द दिला होता मी.

मामी: काय रे देवा, टायरला हवा भरायला इतकी रांग! गाडी लावायला जागा नाही. ही टोपी घालायची का? घातली. बूटही काढलेत. अगं बाई, उघडलंत? हाच का तो? एवढासा? मला वाटलं केवढं मोठं यंत्र असेल. आणि यानं आम्हाला मारायला घेतलं होतं?

भाची: बस ना मामी. चहा सांगू?

मामी: चहा नंतर. आधी निकाल सांग. मी रस्त्यात यांना म्हटलं, ती जे सांगेल ते मला मान्य. म्हातारं झालंय ना?

भाची: नाही.

मामी: नाही?

भाची: धातू ठणठणीत आहे, काच ठणठणीत आहे. बेअरिंग बदलली, साफ केलं, तोल बघितला, की परत उभं राहील. यंत्राचं मी सांगितलं. ते बिघडलं का, ते मामा सांगेल.

मामी: यांना काय कळतंय त्यातलं? अहो, असे का बघताय?

मामा: अगं, म्हणजे कसंय... हे यंत्र हवेवर चालतं. विमानातलीच हवा आत ओढतं. आपण बसतो तिथली.

मामी: बरं, मग?

मामा: तर आपण बसतो तिथल्या हवेत जे काही असेल, ते त्याच्या पोटात जातं.

मामी: काय असतं आपल्या हवेत? मी काय तिथे फोडणी देते?

मामा: धूर. सिगारेटचा. माझ्या.

मामी: तुमच्या?

मामा: तू नसताना. परत येताना, एकटा असलो की. दवाखान्यातून आल्यावर थोडे दिवस खरंच बंद होती. मग एकदा वर गेल्यावर वाटलं, इथे कोण बघतंय.

मामी: पेपरमिंट.

मामा: हो.

मामी: ती खिशात सापडायची, तर मी वन्संना कौतुकानं सांगायचे. म्हणायचे, बघा तुमचा भाऊ, आठवण आली की गोळी चघळतो, पण सिगारेटला शिवत नाही. केवढा निग्रह! मी डब्यात भरून ठेवत होते हो तुमच्यासाठी गोळ्या. दुकानदार म्हणायचा, घरात नातवंडं आहेत वाटतं.

मामा: चुकलं माझं.

मामी: मला राग नाही आलेला. थांबा, आलाय. पण त्याच्याआधी मला वाईट वाटतंय. मला वाटलं होतं, एक तरी गोष्ट आपण दोघांनी मिळून जिंकली.

मामा: अजून एक आहे. ते तुला सांगायचं राहिलंय. हिलाही सांगितलं नाही.

मामी: अजून काय? दारू?

मामा: छे गं! त्या दिवशी ढगात. तू मागून काहीतरी बोललीस, आठवतंय?

मामी: मी काय बोलले? शेंगा किडक्या निघाल्या म्हणाले.

मामा: त्याच्यानंतर. तू म्हणालीस, "अहो, ऊन मघाशी माझ्या मांडीवर होतं, ते दारावर कसं गेलं?"

मामी: गेलंच होतं. परातीतले दाणे चमकत होते, ते दिसेनासे झाले, म्हणून विचारलं. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. घाम तेवढा फुटलेला दिसला मानेवर.

मामा: मी सरळ जातोय असं समजत होतो, आणि आपण वळत होतो. वळत वळत खाली चाललो होतो. ऊन हललं म्हणजे विमान हललं. तू ते बोललीस म्हणून मी दुसऱ्या काट्याकडे बघितलं. तू बोलली नसतीस तर मी त्या खोट्या क्षितिजाच्या मागेच गेलो असतो, तुला घेऊन. मी घरी येऊन म्हणालो, "लक्षात आलं." माझ्या नाही आलं. तुझ्या आलं.

भाची: हे तू मला मघाशी सांगितलं नाहीस.

मामा: तिला आधी सांगायचं होतं. धीर होत नव्हता.

मामी: मला वाटलं, मी नेहमीसारखी उगाच बडबडले म्हणून तुम्ही गप्प झालात. त्यानंतर मी अख्खा रस्ता तोंड मिटून बसले होते.

मामा: बडबड गं तू. विमानात तर बडबडच.

मामी: हं... मला एक सांग गं. याच्या जागी ते नवं बसवलं, पडद्याचं, तर तेसुद्धा अशीच हवा ओढतं का?

भाची: नाही. ते विजेवर चालतं. त्याच्या आत भोवरा नाही, श्वास नाही. उद्या मामानं आत शेगडी पेटवली तरी त्याला काही पत्ता लागणार नाही.

मामी: आणि हे? हे परत उघडलं तर कळेल?

भाची: उघडायचीही गरज नाही. फिल्टर बघितला तरी पुरे.

मामी: मग नवं नको. हेच दुरुस्त कर.

मामा: अगं, पण तूच म्हणत होतीस जुनं नको!

मामी: तुम्ही मध्ये बोलू नका. या घरात खरं बोलणारं कोणी तरी एक हवंच ना? हे निदान पोटात ठेवून घेतं आणि विचारलं की सांगतं. वर्षातून दोनदा तो फिल्टर माझ्या हातात आणून द्यायचा. हिनं काढायचा, तुम्ही नाही.

भाची: मामी, नवं खरंच जास्त भरवशाचं आहे. माझा धंदा व्हावा म्हणून सांगत नाहीय, पण...

मामी: मग तेही बसव.

भाची: दोन्ही?

मामी: एक छोटं, शेजारी. एक खोटं बोललं की दुसरं टोकेल. संसारातही तसंच असतं. नसतं का हो?

मामा: असतं.

भाची: ही माझीही अट होतीच. तू माझ्या तोंडचं काढून घेतलंस. आणि रविवारचे ते गृहस्थ?

मामी: त्यांना मी नाही म्हटलेलं नाही. येऊ देत. आधी हे फिरू दे, मग बघू. अहो, उठा. आणि त्या खिशातल्या गोळ्या इथेच काढून ठेवा टेबलावर. साखर वाढेल नाहीतर.

(शनिवार दुपार. तीच खोली. टेबलावर होरायझन, झाकण लागलेलं. तिघंही टोप्या घालून.)

भाची: बेअरिंग नवी, भोवरा तोच. आतून घासून घासून काड्यांचा ढीग पडला माझ्याकडे. शेवटची काडी पांढरी निघाली तेव्हा थांबले.

मामा: चेहरामोहरा तोच ठेवलास, बरं केलंस.

मामी: यांनी या आठवड्यात काय काय चघळलं विचार. गाजरं. घरातली सगळी गाजरं संपवली. परवा चिडचिड करून शेजाऱ्याच्या मांजराशी भांडले.

मामा: मांजरानंच सुरुवात केली होती.

मामी: पण ओढली नाही. मी वास घेऊन बघते आता. लाजत नाही मी.

भाची: हवा चालू करते. हा बघ, उठला. डोलतोय थोडा... आता स्थिर. मामी, हा निळा भाग म्हणजे आकाश, हा खालचा म्हणजे जमीन. मधली ही रेघ क्षितिज. आता मी टेबलाचा हा पाट तिरका करते. पाट तिरका, पण रेघ कशी आहे?

मामी: सरळच राहिली. अगं बाई! कुठेही वळवा, सरळच.

मामा: हेच तर त्याचं काम.

भाची: आता हवा बंद करतेय. दोघंही गप्प राहा. मामा, तू सांग तिला काय करायचं ते.

मामा: श्वास रोखून ऐकायचं. आतला भोवरा अजून फिरतोय.

मामी: ...किती बारीक आवाज आहे हो. हे तुम्ही रोज ऐकायचात?

मामा: ऐकायचो. मधे सोडून दिलं होतं.

मामी: मला नाही कधी ऐकवलंत.

मामा: तू मागे असायचीस. मागे पोचत नाही तो.

मामी: पुढे, तुमच्या शेजारी, त्या सीटचा पट्टा मला पुरेल का?

मामा: तुला? पुढे? पुरेल की. न पुरायला काय झालं? म्हणजे तू... मग उद्या ते गृहस्थ येणार, त्यांना आपण काय...

मामी: शू. गप्प बसा हो. अजून फिरतंय ते.